गाऊन दुबईला गेले, पाच टक्के कुणाकडे गेले?

गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत आमचं शिलाईचं युनिट आहे. बायकांचे सुती गाऊन आमचे स्वतःचे, आणि पुरुषांचे शर्ट जॉबवर्कने, म्हणजे कापड दुसऱ्याचं, शिलाई आमची. गाऊन थेट दुबईला जायला लागल्यापासून इचलकरंजीचे, हातकणंगल्याचे ओळखीचे लोक फोन करतात. "वहिनी, एक्स्पोर्टला काय काय लागतं?" कागदांची यादी मी फोनवर सांगते, ती पाच मिनिटांत संपते. पण त्या यादीत जे येत नाही त्यानंच आमचा जास्त जीव घेतला, म्हणून एकदा बसून सविस्तर लिहितेय.

आधी थोडं मागचं. माझे सासरे, त्यांना आम्ही मामा म्हणतो, शाहू मिलमध्ये होते. मिलचं काही खरं नाही हे दिसायला लागल्यावर त्यांनी घरात चार मशिनी टाकल्या आणि मुंबईच्या एका एक्स्पोर्टरचं काम शिवायला घेतलं. तो कोट्याचा काळ. अमेरिका, युरोप आणि कॅनडा प्रत्येक देशाला आकडा ठरवून द्यायचे: वर्षाला इतके शर्ट, इतके ब्लाउज, त्यापुढे एक नग नाही. १९७४ पासून ही पद्धत चालू होती. आपल्या वाट्याचा कोटा निर्यातदारांत वाटायचं काम अपॅरल एक्स्पोर्ट प्रमोशन कौन्सिलकडे होतं, आणि त्यातला मोठा हिस्सा आधी कुणी किती माल पाठवला त्यावर मिळायचा. कोटा जास्त आणि ऑर्डर कमी असलेला माणूस आपला कोटा दुसऱ्याला विकायचा. कापडाचा तुकडा न हलवता नुसता पाठवायचा हक्क विकला जायचा, आणि विकत घेणारा ते पैसे कुठून काढणार? शिलाईच्या दरातून. मामा अजून त्यावर तापतात. "मशीन आमची, पाठ आमची मोडायची, आणि पैसं कुणाला? तर ज्याची फाईल जुनी त्याला!"

१ जानेवारी २००५ ला कोटा गेला. मामांना वाटलं, आता रान मोकळं. पण कोटा होता तोवर परदेशी खरेदीदाराला ऑर्डरचे तुकडे करून पाच देशांत, पन्नास कारखान्यांत वाटावे लागायचे. तो गेल्यावर एका छपराखाली हजार मशिनी असलेला कारखाना त्याला सोयीचा वाटू लागला. चीन पुढे गेला. बांगलादेशाला युरोपनं २००१ पासूनच शून्य शुल्क दिलेलं होतं. आपल्या कपड्यांना मात्र तिथं सवलत धरूनही ९.६ टक्के पडत राहिले. शर्टाच्या धंद्यात दहा टक्के म्हणजे अख्खा नफा आणि वर थोडी उधारी. २०२४-२५ मध्ये बांगलादेशाची तयार कपड्यांची निर्यात ३९ अब्ज डॉलरच्या आसपास होती आणि आपली १६. यात त्यांचे मोठे कारखाने आहेत, स्वस्त मजुरी आहे, सगळं आहे. पण ते शून्यही आहे. मामांच्या मुंबईवाल्यानं २००६ च्या सुमारास काम बंद केलं. पुढं बंगळुरूच्या एका पार्टीचं शर्टाचं जॉबवर्क मिळालं, त्यावर युनिट तगलं.

आता २०२२. १ मे पासून भारत आणि संयुक्त अरब अमिरातीचा व्यापार करार लागू झाला. तिकडं कपड्यांवर ५ टक्के शुल्क होतं, ते आपल्या मालाला शून्य झालं. आमचे गाऊन आधीही दुबईला जायचे, पण मुंबईच्या मर्चंटमार्फत, म्हणजे आमच्याकडून घेऊन स्वतःच्या नावानं निर्यात करणाऱ्या व्यापाऱ्यामार्फत. आम्हाला फक्त त्याचं बिल दिसायचं. देरा भागातल्या एका होलसेलवाल्याचा नंबर आम्हाला तिथं काम करणाऱ्या कागलच्या एका मुलाकडून मिळाला. केरळचा माणूस, हिंदी उत्तम, बोलणं गोड, भावात कडक. तो म्हणाला, तुम्ही थेट पाठवा, पण ओरिजिन सर्टिफिकेटसकट. त्याशिवाय मला शून्य लागत नाही.

बाकीची तयारी सरळ होती. डीजीएफटी, म्हणजे केंद्राच्या परकीय व्यापार खात्याच्या पोर्टलवर आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा नंबर काढायचा, त्याला ५०० रुपये फी. नंबर म्हणजे आपला पॅनच. बँकेकडून एडी कोडचं, म्हणजे परदेशी पैसे ज्या शाखेत येणार तिच्या नंबरचं पत्र घेऊन ते बंदराला नोंदवायचं. कौन्सिलचं सदस्यत्व काढायचं. जीएसटी न भरता माल पाठवायचा तर एलयूटी, म्हणजे हमीपत्र भरायचं. डिजिटल सही लागते. क्लिअरिंग एजंट चांगला मिळाला की निम्मं काम तोच करतो. हे सगळं आमच्या ह्यांनी केलं, मी नुसत्या सह्या केल्या.

ओरिजिन सर्टिफिकेट मात्र माझ्या गळ्यात पडलं. माल खरंच भारतात तयार झाला आहे, दुसऱ्या देशातून आणून नुसतं लेबल लावलेलं नाही, हे त्यातून सिद्ध करायचं असतं. करारात प्रत्येक मालाच्या कस्टम कोडसमोर अट लिहिलेली असते आणि ती आपण पुरी करतो हे खर्चाच्या तक्त्यानं दाखवावं लागतं. मी एका गाऊनचा हिशेब मांडायला बसले. कापड तीन मीटर. कॅम्ब्रिक या पातळ सुती कापडाचं ग्रे, म्हणजे मागावरून उतरलेलं कोरं कापड इचलकरंजीचं, छपाईला जेतपूरला गेलेलं. लेस सुरतेची. दोरा भारतातला. लेबल इथलंच. पुढची चेन? ती पेठेतल्या दुकानातून घेतलेली, आणि दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "चायनाचीच की. सगळेच तीच लावत्यात." चेनीची किंमत गाऊनच्या मानानं किरकोळ होती, त्यानं सर्टिफिकेट अडत नव्हतं. पण ती तक्त्यात परदेशी माल म्हणून वेगळी दाखवावीच लागली, तिच्या बिलासकट. दुकानदारानं आयुष्यात पहिल्यांदा चेनीचं पक्कं बिल फाडलं असावं.

कापडाचं त्याहून अवघड. ग्रे आम्ही व्यापाऱ्याकडून घेतो, व्यापारी मागवाल्याकडून, मागवाल्याला सूत आणि बीम सायझिंगमधून, म्हणजे सुताला खळ देणाऱ्या कारखान्यातून. ज्या मागावर ते विणलं तिथवर माग काढत गेलो. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली लागला. तेव्हापासून आजवर त्या गावाला कुणी विचारलं नसेल की तुमचं कापड इथलंच कशावरून? मागवाले काका कानावर हात ठेवून, मागांच्या खडखडाटात ओरडून म्हणाले, "वहिनी, हितं उभं हायसा, डोळ्यांनी बघताय, आणि दाखला मागताय व्हय?" मी म्हटलं, काका, मी बघून उपयोग नाही, दुबईच्या कस्टमला बघता येत नाही. शेवटी त्यांनी लेटरहेडवर लिहून दिलं, सुताच्या बिलाची झेरॉक्स जोडून. लेटरहेड त्यासाठी छापून घेतलं.

मग कोडची भानगड. सुती नाइटड्रेस ६२०८ मध्ये येतो आणि सुती ड्रेस ६२०४ मध्ये. आमच्या इन्व्हॉइसवर होतं 'लेडीज कॉटन मॅक्सी गाऊन'. अर्जावर ऑनलाइन शंका आली: हे वस्त्र झोपताना वापरायचं की बाहेरही घालतात? वापर स्पष्ट करा, फोटो जोडा. आता यावर खरं उत्तर काय द्यायचं? कोल्हापुरातली कुठलीही गल्ली घ्या. सकाळी दूध घ्यायला गाऊन, भाजीच्या गाडीपाशी गाऊन, वर खांद्यावर टॉवेल किंवा ओढणी टाकली की शाळेच्या रिक्षापर्यंत गाऊन. दुपारी भिशी नसेल तर संध्याकाळपर्यंत तोच. आमच्या कटिंगच्या मावशी म्हणाल्या, "लग्न सोडून सगळीकडं चालतंय, असं लिहा." मी लिहिलं: सैल काप, पातळ सुती कापड, समोर चेन, नाइटवेअर म्हणून विक्री. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल सगळीकडं वर्णन अक्षर न् अक्षर सारखं करून घेतलं. दोन कागदांत एक शब्द वेगळा असला तरी तिकडचा कस्टमवाला शून्य नाकारू शकतो, आणि मग पाच टक्के कुणी भरायचे यावर भांडण. न्हावाशेवाहून जेबेल अलीला जहाज काही दिवसांतच पोचतं, त्यामुळे कागद मालाच्या मागं राहून चालत नाही.

सर्टिफिकेट आलं, माल गेला, पैसे आले. इथवरची गोष्ट मी फोनवर आनंदानं सांगते.

भावाची गोष्ट वेगळी. आमचा गाऊन २८० रुपयांच्या आसपास बसत होता, म्हणजे शुल्काचे पाच टक्के साधारण १४ रुपये. आधी ते दुबईवाला सरकारला भरायचा, आता भरणार नव्हता. माझं साधं म्हणणं होतं की कागदाची सगळी धावपळ आम्ही केली, तर त्यातले सात रुपये आम्हाला द्या. तो हसला. म्हणाला, ताई, जयपूरवालाही शून्यात देतोय, सुरतवालाही. तुम्ही सात वाढवलेत तर मी त्यांच्याकडून घेतो.

त्याचं चुकत नव्हतं, हाच तर त्रास. सवलत आमच्या एकट्या युनिटला नव्हती, सगळ्या भारताला होती. चिनी मालापुढं आम्हाला पाच टक्क्यांची उडी मिळाली खरी, पण जयपूर, सुरत, तिरुपूरपुढं काहीच नाही. सगळे भारतीय एकाच खिडकीपुढं उभे असले की शुल्कातून सुटलेला पैसा खिडकीच्या आतल्या माणसाकडंच जातो. आम्हाला काय मिळालं? ऑर्डर मिळाली. आधी मर्चंट जे मधलं मार्जिन घ्यायचा ते वाचलं. हे कमी नाही, मी नाकारत नाही. पण पेपरात 'निर्यातदारांना पाच टक्क्यांचा लाभ' असं वाचलं की मला चेनवाल्याचं ते बिल आठवतं.

आणि त्याच मे महिन्यात कापसानं डोकं वर काढलं. खंडीचा भाव एक लाखाच्या पुढं गेला. ३५६ किलोची खंडी, एक लाख. २०२१ च्या बजेटनं आयात कापसावर ११ टक्के शुल्क बसवलेलं होतं. भाव भडकल्यावर १४ एप्रिल २०२२ पासून सरकारनं ते तात्पुरतं उठवलं. पण बाहेरचाही कापूस तेव्हा महागच होता आणि जहाज भरून इथं यायला वेळ लागतो. सूत चढलं, ग्रे चढलं, आमच्यापर्यंत येईतो कापड मीटरला आठ रुपयांनी वाढलं. तीन मीटरचे चोवीस. म्हणजे एका हातानं १४ रुपये दुबईवाल्याला सुटले आणि दुसऱ्या हातानं २४ आमच्याकडून गेले. शेतकऱ्याला त्या वर्षी चार पैसे मिळाले असतील तर मला त्याचं वाईट वाटत नाही. माझं माहेर जत तालुक्यातलं आहे, कापूस नाही पण शेती कळते. पण एकच सरकार एका खात्यातून शुल्क कमी करून आणतं आणि दुसऱ्या खात्यातून कापसावर बसवतं, आणि दोन्हीची बेरीज शिलाई मशिनीपाशी होते.

परताव्याचंही तसंच. ड्रॉबॅक, म्हणजे कच्च्या मालावर भरलेल्या शुल्काचा परतावा, थेट बँकेत येतो. मालात आत मुरलेल्या राज्याच्या आणि केंद्राच्या करांसाठी आरओएससीटीएल नावाची योजना आहे, त्याची रोख मिळत नाही, स्क्रिप मिळते, म्हणजे आयात शुल्क भरायला चालणारं क्रेडिट. ती आयात करणाऱ्याला थोड्या कमी भावात विकायची. योजना चांगली आहे, मोडू नये. फक्त मुदत संपत आली की दर वेळी धाकधूक, २०२५ मध्ये ती ३१ मार्च २०२६ पर्यंत होती. आणि गंमत म्हणजे या परताव्याचे टक्के खरेदीदाराला आमच्याइतकेच पाठ असतात. भाव करताना तो म्हणतो, सरकारकडून तुम्हाला इतकं परत येतंच ना, ते धरून बोला.

आता शर्टाचं. बंगळुरूच्या पार्टीचे शर्ट अमेरिकेला जातात. आपल्या तयार कपड्यांचा सुमारे एक तृतीयांश माल त्या एकाच देशात जातो. पुरुषांच्या सुती शर्टावर तिथं आधीपासूनच १९.७ टक्के शुल्क आहे, हे मला स्वतःलाही २०२५ पर्यंत माहीत नव्हतं. जॉबवर्कवाल्याला कोण सांगतो? ७ ऑगस्ट २०२५ ला त्यावर आणखी २५ टक्के बसले, आणि रशियाच्या तेलाचं कारण काढून २७ ऑगस्टपासून आणखी २५. बेरीज करा. शंभराच्या शर्टावर सत्तरला तीस पैसे कमी.

२७ ऑगस्टच्या आत जहाजात चढलेला आणि १७ सप्टेंबरच्या आत तिथं उतरलेला माल दुसऱ्या पंचवीसमधून सुटणार होता. बंगळुरूहून फोनवर फोन. काहीही करा, रात्रपाळी लावा, तारखेच्या आत माल द्या, उरलेला विमानानं काढतो. पण २७ ऑगस्टला गणेश चतुर्थी होती. कोल्हापुरात गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस बायका घर सारवून, झाडून, फराळाच्या मागं लागतात, त्यापाठोपाठ गौरी. आमच्याकडं मशिनीवर बहुतेक बायकाच. मी कॉलर लावणाऱ्या, कफ लावणाऱ्या, जोडणीवाल्या सगळ्यांना बसवून खरं काय ते सांगितलं: तारीख आपल्या हातात नाही, ओव्हरटाइम दुप्पट देते. एकीनं विचारलं, "अमेरिकेला ठावं न्हाई व्हय गणपती कवा हाय?" हसलो, आणि काम केलं. काज-बटनापर्यंतचा माल वेळेत गेला. इस्त्री, पॅकिंग त्यांनी तिकडं केलं.

उरलेली निम्मी ऑर्डर कटिंगच्या टेबलावर थांबली. कापड त्यांचं, थर अंथरलेले, मार्कर (कापायच्या खुणांचा कागद) वर ठेवलेला, आणि निरोप: कापू नका. मग काही दिवसांनी दुसरा निरोप: कापा, पण शिलाईत नगामागं बारा रुपये कमी करा. अमेरिकेतल्या खरेदीदारानं बंगळुरूवाल्याकडं सूट मागितली होती, त्यानं कापडवाल्याकडं, बटनवाल्याकडं आणि आमच्याकडं वाटून टाकली. दुबईचं शुल्क गेलं तेव्हा वाटणीचं नाव काढल्यावर लोक हसले. अमेरिकेचं शुल्क चढलं तेव्हा वाटणी दोन आठवड्यांत, न विचारता, पैशापर्यंत झाली. मी सहा कबूल केले. जास्त केले असते तर मजुरीतून काढावे लागले असते, आणि गौरी-गणपतीच्या तोंडावर ते मी करणार नव्हते. खर्च कमी करायला सरकारनं १९ ऑगस्टपासून आयात कापसावरचं ११ टक्के शुल्क परत उठवलं, पुढं ते ३१ डिसेंबरपर्यंत वाढवलं. आमच्या टेबलावरचं कापड मात्र जुन्या भावाच्या सुताचं होतं.

लहान निर्यातदारांना व्याजात मिळणारी सवलतही ३१ डिसेंबर २०२४ ला संपलेली. त्यामुळं थांबलेल्या ऑर्डरवर बँकेचं मीटर पूर्ण दरानं पळत होतं. यावर फार लिहीत नाही, नाहीतर ह्यांचं बीपी वाढतं.

या सगळ्यातून माझ्या भाव लिहायच्या पद्धतीत फरक पडला. पूर्वी एक आकडा द्यायचे. दिवाळीनंतर इंग्लंडच्या लेस्टरमधल्या एका गुजराती दुकानदाराची चौकशी आली, गाऊनचीच. भारत आणि ब्रिटनचा करार २४ जुलै २०२५ ला सह्या होऊन झालाय. लागू झाला की तिथं कपड्यांवर १२ टक्क्यांपर्यंत असलेलं शुल्क जाणार होतं. चौकशी आली तेव्हा तो लागू नव्हता. पण दुकानदारानं पहिल्याच मेलमध्ये लिहिलं होतं, शून्य धरूनच भाव द्या.

मी भाव दोन ओळींत दिला. पहिली ओळ, करार लागू व्हायच्या आधी माल निघाला तर. दुसरी ओळ, लागू झाल्यावर निघाला तर, आणि तिथं स्पष्ट लिहिलं की जे शुल्क वाचेल त्यातलं निम्मं नगाच्या भावात वाढेल, कारण ओरिजिनचे कागद आम्ही करणार. तिसरी ओळ ह्यांच्या आग्रहानं घातली: कोणत्याही देशानं नवं शुल्क बसवलं तर ते भाव ठरल्यावर शिलाईतून कापलं जाणार नाही. मामांना वाचून दाखवलं. म्हणाले, "तिसरी ओळ पयली घाल."

उत्तर आलंय. पहिली ओळ मान्य. तिसरीवर काही म्हणणं नाही, म्हणजे वाचली नसावी. दुसरीवर लिहिलंय की करार लागू होईल तेव्हा बघू, आधी मिडियम साइजमध्ये एक सॅम्पल पाठवा. पाठवलंय. कुरिअरचा खर्च अर्थातच आमच्याकडं.